मारलवाईचे वर्ग आणि पुढची पायरी

राज्याची ओळख सामान्य प्रजेला राजामुळे होत नाही. ती गावच्या पटवाऱ्यामुळे, जंगलखात्याच्या चौकीदारामुळे आणि तालुक्याच्या कचेरीतील कारकुनामुळे होते. विद्यापीठाचीही तीच गोष्ट. विद्यार्थ्याला कुलगुरूंचे दर्शन पदवीदानाच्या दिवशी घडले तर घडते. परंतु प्रवेशाचा अर्ज घेणारा लेखनिक, ग्रंथालयातील साहाय्यक, प्रयोगशाळेतील परिचर आणि परीक्षा विभागातील सेवक यांच्याशी त्याची गाठ नित्य पडते. असे असूनही संस्थांचे इतिहास लिहिले जातात ते संस्थापकांचे, मंत्र्यांचे व पंडितांचे. ज्यांच्या हातून संस्थेचा गाडा प्रत्यक्ष चालतो, त्या माणसांची निवड कशी झाली, त्यांना काय शिकविले गेले आणि पाच-दहा वर्षे इमाने सेवा केल्यावर त्यांच्यापुढे कोणती वाट होती, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. एका जिल्ह्याच्या इतिहासात मात्र हे प्रश्न इतक्या स्पष्टपणे उभे राहिले आहेत की, त्यांच्याकडे डोळेझाक करता येत नाही. तो जिल्हा म्हणजे पूर्वीच्या हैदराबाद राज्यातील आदिलाबाद.

उत्तरेस व पश्चिमेस पैनगंगा, पूर्वेस प्राणहिता आणि दक्षिणेस गोदावरी, अशा तीन नद्यांच्या कवेत हा डोंगराळ मुलूख वसलेला आहे. गोंड, कोलाम, परधान, नाईकपोड, थोटी या जमाती येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आल्या. जिल्ह्याच्या पश्चिम भागात मराठी, पूर्व भागात तेलुगू आणि डोंगरावर गोंडी व कोलामी, अशी भाषांची वाटणी होती. सरकारी कचेरीची भाषा मात्र उर्दू होती. म्हणजे गोंड शेतकऱ्याची तक्रार गोंडीत जन्मास येई, बाजारात ती मराठीत बोलली जाई आणि दप्तरात शिरताना तिला उर्दूचा पोशाख घालावा लागे. या प्रवासात प्रत्येक टप्प्यावर कोणी ना कोणी मध्यस्थ लागे, आणि मध्यस्थाचे मोल शेतकऱ्यालाच द्यावे लागे.

विसाव्या शतकाच्या आरंभी दोन गोष्टींनी या मुलखाची घडी विसकटली. जंगलाचे मोठमोठे पट्टे राखीव ठरले आणि फिरत्या शेतीवर जगणाऱ्या माणसांची शेते एका हुकुमासरशी बेकायदेशीर झाली. त्याच सुमारास काझीपेठ-बल्लारशा हा लोहमार्ग १९२९ साली पुरा झाला आणि दिल्ली-मद्रास वाहतूक या जिल्ह्याच्या कडेने सुरू झाली. मैदानातील शेतकरी, सावकार आणि व्यापारी यांना डोंगराची वाट सोपी झाली. जमिनीचे पट्टे ज्याला कागद वाचता येई त्याच्या नावे होऊ लागले. गोंडाला कागद वाचता येत नव्हता. पटवारीपण तर वतनी असे. ते परंपरेने लिहित्या घराण्यांकडे असल्यामुळे गावचा हिशेब ठेवणारा माणूस गोंडांपैकी असण्याचा संभवच नव्हता.

या कोंडीतूनच १९४० साली आसिफाबाद तालुक्यातील जोडेघाट येथे कुमराम भीम यांचा उठाव झाला. पोलिसांच्या गोळीबारात भीम व त्यांचे साथीदार ठार झाले. भीम यांचे नाव आज त्या परिसराच्या जिल्ह्याला दिलेले आहे. परंतु त्या वेळी सरकारपुढे प्रश्न वेगळाच होता. ज्या प्रजेने कधी दरबाराशी वैर धरले नव्हते, ती एकाएकी हातात शस्त्र का घेते? याचा शोध घेण्यासाठी हैदराबाद सरकारने एका मानववंशशास्त्रज्ञाचे साहाय्य घेतले. त्यांचे नाव क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ. १९०९ साली व्हिएन्ना येथे जन्मलेले हे विद्वान दुसरे महायुद्ध सुरू होताच शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले होते. पण त्यांना निजामाच्या राज्यात राहण्याची मुभा मिळाली. ते व त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी मारलवाई या गोंड खेड्यात बिऱ्हाड केले. लोकांत राहून त्यांनी जे पाहिले त्याचा मथितार्थ असा की, गोंडांचे वैर राज्याशी नसून राज्याच्या अगदी खालच्या नोकरांच्या मनमानीशी आहे, आणि त्या नोकरांना गोंडांची भाषाही येत नाही.

रोगाचे निदान असे झाल्यावर उपायही त्याच जागी करावयास हवा होता. १९४३ साली मारलवाई येथे गोंड शिक्षण योजनेचा प्रारंभ झाला. तिच्यातील मुख्य अडचण विलक्षण होती. मुलांना गोंडीतून शिकवावयाचे, तर गोंडी जाणणारा शिक्षक हवा. आणि शिक्षक होण्याइतका लिहिता-वाचता गोंड तर जवळजवळ मिळतच नव्हता. यास्तव प्रथम मुलांची शाळा न काढता प्रौढांचा प्रशिक्षणवर्ग काढण्यात आला. ज्या थोड्या गोंडांना अक्षरओळख होती त्यांना हाताशी धरून इतरांना शिकविले गेले. गोंडीची क्रमिक पुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. हा निर्णय पुष्कळ विचाराचा होता. मराठी ही या डोंगरातील गोंडांची व्यवहाराची दुसरी भाषा होती. ज्याला देवनागरीत गोंडी वाचता येईल, त्याला बाजारचे मराठी पत्र किंवा पटवाऱ्याचा मराठी उतारा वाचणे अवघड जाणार नव्हते.

परंतु मारलवाईच्या वर्गांचे वैशिष्ट्य केवळ शिक्षक तयार करण्यात नव्हते. पटवारी, कारकून, जंगल-चौकीदार यांसारख्या अध्यापकेतर कामांसाठीही येथे तरुणांची तयारी करून घेण्यात येत होती. शाळा चालविणारा जितका महत्त्वाचा, तितकाच शाळेबाहेरचा कागद लिहिणारा महत्त्वाचा, ही जाण त्यामागे होती. किंबहुना, गोंड मूल शाळेत शिकून मोठे होईपर्यंत त्याच्या बापाची जमीन टिकावयाची असेल, तर या दुसऱ्या प्रकारच्या सेवकाची निकड अधिक होती. सातबाराच्या उताऱ्यासाठी किंवा फेरफाराच्या नोंदीसाठी ज्याने कधी तालुक्याची कचेरी गाठली असेल, त्याला हे निराळे समजावून सांगावयास नको.

या तयारीचा उपयोग लवकरच दिसून आला. पुढील काही वर्षांत आदिलाबाद जिल्ह्यात आदिवासी शेतकऱ्यांना सुमारे १,६०,००० एकर जमिनीचे पट्टे देण्यात आले. एवढे मोठे काम केवळ एका हुकुमाने होत नाही. कोणते शेत कोणाचे, किती वर्षांची वहिवाट, बांध कोठे, नाला कोठे, हे गावोगाव जाऊन विचारावे लागते, आणि उत्तर देणाऱ्याचा विचारणाऱ्यावर विश्वास असावा लागतो. केसलापूर येथे नागोबाच्या यात्रेत अधिकाऱ्यांनी लोकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी दरबार भरविण्याची प्रथाही याच काळातली. ती आजही चालू आहे. दरबारात अधिकारी ऐकतो हे खरे. पण तक्रारीचा निकाल लागतो की नाही, हे नंतर दप्तरात बसलेल्या माणसावर ठरते. तो माणूस तक्रारदाराची भाषा जाणणारा असेल तर अर्धे काम तेथेच होते.

येथपर्यंतची कथा यशाची आहे. आता तिची दुसरी बाजू पाहिली पाहिजे.

हैदराबाद राज्याच्या महसूल खात्यात पटवाऱ्याच्या वर गिरदावर, त्याच्या वर पेशकार, मग तहसीलदार, पुढे दुय्यम तालुकदार आणि शेवटी अव्वल तालुकदार अशी चढण होती. मारलवाईच्या वर्गाने गोंड तरुणाला या चढणीच्या पायथ्याशी आणून उभे केले. पण वरच्या पायऱ्यांच्या अटी मारलवाईत ठरत नव्हत्या. त्या ठरत होत्या परीक्षांवर, उर्दूच्या ज्ञानावर आणि शाळा-महाविद्यालयांच्या दाखल्यांवर. राज्याचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले होते व देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारे विद्यापीठ म्हणून त्याचा लौकिक होता. परंतु ती देशी भाषा उर्दू होती. ज्याने वयाच्या विसाव्या-पंचविसाव्या वर्षी अक्षर गिरविले, त्याने त्या विद्यापीठाची पायरी कधी चढावी? अशा माणसाला पहिली नेमणूक मिळाली. दुसऱ्या नेमणुकीची वाट कोणी आखली नव्हती.

याच डोंगरात त्याच काळात ज्या दोन विद्वानांनी काम केले, त्यांच्या आयुष्याशी तुलना केली म्हणजे हा भेद स्पष्ट होतो. हैमेनडॉर्फ हे १९४५ ते १९४९ या काळात निजाम सरकारचे आदिवासी व मागास वर्गांविषयीचे सल्लागार होते आणि त्याच वेळी उस्मानिया विद्यापीठात मानवशास्त्राचे प्राध्यापकही होते. त्यांचा ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा ग्रंथ १९४८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, आणि पुढे लंडनच्या पौर्वात्य व आफ्रिकी विद्यापीठशाखेत त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. दुसरे नाव मराठी वाचकांना अधिक जवळचे आहे: सेतुमाधवराव पगडी. १९१० साली निलंगा येथे जन्मलेले पगडी हैदराबाद राज्याच्या मुलकी सेवेत होते. आदिलाबादेत काम करताना त्यांनी गोंडी व कोलामी या भाषा आत्मसात केल्या, त्यांवर लेखन केले आणि ‘अमंग द गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हे पुस्तक लिहिले. पुढे महाराष्ट्राच्या गॅझेटियर विभागाचे काम त्यांनी सांभाळले. मराठ्यांच्या इतिहासाचे संशोधक म्हणून ते सर्वमान्य झाले आणि १९९२ साली त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला.

या दोघांच्या थोरवीला येथे उणेपणा आणावयाचा नाही. उलट, परक्याची भाषा शिकण्याची तळमळ दाखविणारे अधिकारी व पंडित कोणत्याही काळात दुर्मिळच असतात. मुद्दा एवढाच की, गोंडी शिकल्यामुळे प्राध्यापकाची विद्वत्ता वाढली आणि अधिकाऱ्याचा लौकिक वाढला. परंतु ज्याच्या तोंडात गोंडी जन्मतःच होती, त्या कारकुनाच्या सेवापुस्तकात तिची एक ओळही नोंद झाली नाही. एकच ज्ञान, एका हातात ते भांडवल ठरले आणि दुसऱ्या हातात बिनमोल राहिले. कारण पहिल्या दोघांच्या मागे अशी संस्था होती, जी अनुभवाचे रूपांतर पदात करू शकत होती. तिसऱ्याच्या मागे अशी संस्था नव्हती.

पुढे राजकीय घडामोडींनी हा तोटा आणखी वाढविला. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात विलीन झाले आणि उर्दूचे कचेरीतील स्थान ढळले. त्यानंतर १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली. किनवट तालुका व इस्लापूरचा भाग आदिलाबादमधून निघून नांदेड जिल्ह्यात गेला. राजुरा तालुका आधी नांदेडला व १९५९ साली चांदा जिल्ह्याला जोडला गेला. उरलेला आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिला आणि तेथे शिक्षणाचे व कारभाराचे माध्यम तेलुगू झाले. देवनागरीतील गोंडी पुस्तके मागे पडली. गोंडी आणि मराठीच्या बळावर ज्यांनी नोकरीत पाऊल टाकले होते, त्यांची शिदोरी अशा रीतीने मध्यान्हीच संपली. सीमेच्या अलीकडे, किनवट-राजुऱ्यात, मराठी कायम राहिली. परंतु गोंडीला तेथेही कचेरीत जागा नव्हती. राज्ये भाषेच्या न्यायाने आखली गेली, पण ज्यांच्या भाषेला राज्य नव्हते त्यांच्या सेवकांना तो न्याय लागू पडला नाही.

हैमेनडॉर्फ १९७०-७९ या दशकात पुन्हा या भागात आले आणि त्यांनी जे पाहिले ते १९८२ साली ग्रंथरूपाने मांडले. जमिनी पुन्हा परक्यांच्या हाती जात होत्या, शाळा ओस पडत होत्या, आणि दूरदूरच्या गावांत नेमलेले बाहेरचे शिक्षक हजर राहत नव्हते. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे आदिवासींच्या मेळाव्यावर गोळीबार झाला. जोडेघाटनंतर एक्केचाळीस वर्षांनी त्याच डोंगरात पुन्हा गोळी चालली. या दोन घटनांची कारणे पुष्कळ आहेत आणि ती सगळी नोकरभरतीत शोधणे भाबडेपणाचे होईल. तथापि लोक आणि कचेरी यांच्या मधला जो दुवा १९४३ साली घडविण्यास आरंभ झाला होता, तो मजबूत झाला नाही, ही वस्तुस्थिती त्या कारणांपैकी एक आहे.

मारलवाईची ही कथा एका दुर्गम जिल्ह्यापुरती नाही. विद्यापीठांकडे दृष्टी टाकली तर तोच प्रकार निराळ्या वेशात आढळतो. विद्यापीठात अध्यापकाच्या वाटेवर खुणेचे दगड रोवलेले असतात: साहाय्यक, सहयोगी आणि मग प्राध्यापक. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ पासून देशभर अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे काढली. त्यांतील उद्बोधन वर्ग व उजळणी वर्ग मुख्यतः अध्यापकांसाठी होते, आणि ते पुरे करणे बढतीशी जोडलेले होते. शिक्षकेतर सेवकांसाठी अशा केंद्रांत आता काही अल्पमुदतीचे वर्ग भरतात. परंतु वर्ग पुरा केला म्हणून वरचे पद मिळेल असा त्यांचा सांधा क्वचितच जुळलेला असतो. महाराष्ट्रात १९९५ साली कालबद्ध पदोन्नतीची योजना आली. एकाच पदावर १२ वर्षे काढलेल्या सरकारी सेवकाला वरची वेतनश्रेणी मिळावी, हा तिचा हेतू. अशा योजनांनी घरखर्चाला हातभार लागतो, हे मोठेच काम आहे. पण वेतन चढले तरी टेबल तेच राहते, काम तेच राहते, आणि तीस वर्षांत माणसाने जे जाणून घेतले ते संस्थेच्या कारभारात उतरत नाही. परीक्षा विभागातील जुना लेखनिक निवृत्त होतो, तेव्हा कोणते नियम कोणत्या अडचणीतून जन्मले याची सगळी आठवण त्याच्याबरोबर दरवाज्याबाहेर जाते.

आदिलाबादेत पुढे काय झाले, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. आंध्र प्रदेशात गावचे वतनी अधिकारी १९८४ साली बंद झाले, आणि पटवाऱ्याच्या जागी आलेले ग्राम महसूल अधिकाऱ्याचे पदही तेलंगण सरकारने २०२० साली रद्द केले. गैरव्यवहाराच्या तक्रारी हे त्याचे एक कारण होते. तक्रारी खऱ्याच होत्या. परंतु पहिली पायरीच काढून घेतली तर वर चढणाऱ्याने कोठून चढावे, हा प्रश्न उरतो. शिक्षकांच्या बाबतीत आंध्र प्रदेश सरकारने १० जानेवारी २००० रोजी काढलेल्या तिसऱ्या क्रमांकाच्या आदेशाने अनुसूचित क्षेत्रातील शाळांमधील शिक्षकांच्या सर्व जागा स्थानिक आदिवासींसाठी राखल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २२ एप्रिल २०२० रोजी हे शंभर टक्के आरक्षण घटनाबाह्य ठरविले. झालेल्या नेमणुका मात्र काही अटींवर कायम ठेवल्या. न्यायालयाचा निर्णय मान्य करूनही एक गोष्ट उरतेच. जन्माच्या आधारावर सगळ्या जागा राखता येत नसतील, तरी ज्या गावात नोकरी करावयाची त्या गावची भाषा येणे ही पात्रता का मानू नये? मारलवाईच्या वर्गांनी १९४३ साली याच पात्रतेवर भर दिला होता.

याच आदिलाबाद जिल्ह्यात गुंजाळा नावाचे गाव आहे. तेथे गोंडीच्या स्वतंत्र लिपीतील जुनी हस्तलिखिते आढळली आणि हैदराबाद विद्यापीठातील अभ्यासकांनी त्यांची दखल घेतली. २०१८ साली ‘गुंजाळा गोंडी’ ही लिपी युनिकोड या जागतिक संगणकीय वर्णसंचात समाविष्ट झाली. विद्यापीठाने ती जगापुढे मांडली याचे श्रेय विद्यापीठाचे. पण ती वाचण्याची विद्या जपून ठेवली होती ती कोणत्याही पदवीधराने नव्हे, तर गावातल्या माणसांनी. ज्ञान संस्थेच्या बाहेरही असते आणि संस्थेच्या आत, अगदी शेवटच्या टेबलावरही असते. ते ओळखणे हे संस्थेचे काम आहे.

मारलवाई आज कुमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. २०१६ साली आदिलाबादचे चार जिल्हे झाले तेव्हा ते तिकडे गेले. एलिझाबेथ हैमेनडॉर्फ यांचे १९८७ साली निधन झाले आणि त्यांची समाधी मारलवाईतच आहे. गावकरी दर वर्षी त्यांचे स्मरण करतात. ही कृतज्ञता शोभणारी आहे. परंतु त्या योजनेचे खरे स्मारक समाधीच्या दगडात नाही. तिने जे काम आरंभिले ते पुरे करण्यात आहे: सेवकाच्या अंगच्या भाषेला आणि अनुभवाला सेवापुस्तकात मोल देणे, नोकरीत असतानाच त्याच्या शिक्षणाची सोय करणे, आणि ते शिक्षण पुरे केल्यावर त्याला वरची जागा खात्रीने देणे. आदिवासी विकासाची कचेरी असो की शहरातील विद्यापीठ, दाराशी उभ्या असलेल्या माणसाला आत घेऊन उंबऱ्यावरच बसविणे हा अर्धा न्याय होय. उरलेला अर्धा न्याय अजून द्यावयाचा आहे.